सोडू नगं

लोहारा
९ फेब्रुवारी २०२५

मार्तंडराव,

तुमचं कार्ड पोचलं. सोनालीच्या गुडघ्याचं खरं काय ते विचारलंत. कळवतो. पण आधी धुळाप्पाच्या हॉटेलात काय चाललंय ते वाचा, कारण सध्या आमचा सगळा तालुका हाडांचा डॉक्टर झालाय.

काल सकाळी दिग्विजय मोबाईल उंच धरून सांगत होता, "लिगामेंट तुटलंय. वय एकतीस. संपला विषय. गोलकीपरला गुडघाच नसंल तर काय गोलमधी खुर्ची टाकून बसणार का ती?"

धुळाप्पा चहा गाळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझं वय चोवीस, दोन्ही गुडघे धड, अन् तू सकाळपासनं माझ्या खुर्चीवरच हायेस की."

मग दोन तट पडले. एक म्हणतो परत येणार, दुसरा म्हणतो हात जोडून घरी बसणार. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मुंबईत तिचं ऑपरेशन झालंय, सहा महिने लागतील, ऑगस्टात निवडीची चाचणी आहे, एवढं तिच्या वडिलांनी मला स्वतः सांगितलं. बाकी सगळा हॉटेलातला धूर.

मी येणार म्हणणाऱ्यांच्या तटात आहे. सास्तूरच्या पत्र्याच्या शेडात जन्मलेली ती पोर, भूकंपानंतरच्या साली. नव्या गावाचे रस्ते सरळ, म्हणून पोरी रस्त्यातच हॉकी खेळायच्या. हिला कुणी काठी देईना, गोलमध्ये उभी करायचे. दहा वर्षांची असताना माझ्या मोटरी भरायच्या दुकानात आली अन् म्हणाली, "काका, नडगीला लई लागतंय." मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे दोन पॅड कापून बांधले तिच्या पायाला. तेव्हापासून देशाच्या गोलमध्ये नऊ वर्षं उभी राहीपर्यंत तिनं मागं सरकलेलं मी ऐकलेलं नाही.

आता दुसरं. तुमच्या पोराचा, वरदचा पुण्याहून फोन होता. लपवत नाही. महाद्वाराच्या गल्लीत मोटारसायकलवाला हॉर्न देत राहिला अन् तुम्ही चालत राहिलात, कोपर सोलवटलं, हे त्यानं सांगितलं. त्यानं आणलेलं कानाचं यंत्र तुम्ही घालत नाही. असंच चाललं तर दिवाळीच्या आत तुळजापूरच्या घराला कुलूप लावून तुम्हाला पुण्याला नेणार म्हणतो.

तर पैज लावा. ऑगस्टच्या आत सोनाली परत गोलमध्ये उभी राहिली तर तुम्ही यंत्र घालायचं. नाही राहिली तर तुम्ही सांगाल ते मी करीन.

तुमचा,
बलभीम

*

तुळजापूर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय बलभीम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वरदची वकिली तू फुकट घेतलीस, हे पाहून कोर्टात काढलेली छत्तीस वर्षं आठवली. तिथं असे वकील मिळत नसत.

सोनाली पडली तो सामना मी पाहिला. घरात टीव्ही लावलेला असतो, आवाज माझ्यापर्यंत येत नाही. आवाज नसला की माणूस फार सावकाश पडतं. ती उजवीकडे झेपावली, चेंडू अडवला, आणि उठताना जमिनीला हात लावून थांबली. त्या थांबण्यातच मला कळलं. ती परत येणार नाही, बलभीम. मी तिचा तुझ्याइतकाच चाहता आहे, पण मी पाहिलं आणि तू फक्त ऐकलंस. मोटारीच्या तारेवर डोळे आणि खिशात मोबाईल, ही तुझी सामना बघायची रीत मला ठाऊक आहे.

पैज मान्य. फक्त अटी लिहून ठेवू. "उभी राहिली" म्हणजे सामना चालू असताना, पॅड बांधून, गोलरेषेवर. फोटोसाठी नव्हे, सत्कारासाठी नव्हे. आणि तू हरलास तर दुकानाला कुलूप लावून चार दिवस माझ्याकडे राहायला यायचं. अडतीस वर्षांत तुझं शटर एक पूर्ण दिवस पडलेलं नाही. वनमाला गेली, मी एकटा राहिलो, तेव्हासुद्धा तू सकाळच्या एस.टी.नं आलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. याला दोन वर्षं झाली. मी राग धरलेला नाही, नोंद ठेवली आहे.

कोर्टासमोरच्या त्या वायंडिंगच्या दुकानात तू सोळा वर्षांचा होतास आणि मी माझा बंद पडलेला रेडिओ घेऊन आलो होतो. तू तो कानाशी धरून हलवलास आणि म्हणालास, "साहेब, आत फक्त एक तार रुसलीय." त्याच रेडिओवर ऐंशी सालची मॉस्कोची फायनल आपण दोघांनी तुझ्या मालकाच्या बाकड्यावर बसून ऐकली. चार-तीन. शेवटच्या मिनिटांत तू माझं मनगट इतकं दाबलंस की दुसऱ्या दिवशी मला लेखणी धरता येईना. मला आता त्या कॉमेंट्रीतला एक शब्द आठवत नाही. नुसती गर्दीची खरखर आठवते. तीच परत ऐकावी असं कधीकधी वाटतं.

यंत्र वनमालाच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेवलं आहे. सुरक्षित आहे.

मार्तंड

*

लोहारा
१५ एप्रिल २०२५

मार्तंडराव,

परवा येरमाळ्याला जाऊन आलो. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येडाईच्या चुन्याच्या रानात खडे वेचायला दरवर्षी जातो, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, दाराशी भवानी असलेल्या माणसाच्या कानासाठी हा येडाईकडं कशाला गेला. बहिणी-बहिणी आहेत, त्या आपसात बघून घेतील. पाच खडे वेचले अन् देवीच्या चुनखडीच्या राशीवर टाकले. तीन सोनालीच्या गुडघ्याचे, दोन तुमच्या कानांचे. कान दोन आहेत म्हणून दोन, हिशेब बरोबर आहे.

अन् तिथं कोण दिसावं. सोनालीच. गुडघ्याला पट्टा, डोक्याला रुमाल, आईच्या खांद्यावर हात. वाकता येत नव्हतं तर पायानं खडा उडवायची अन् हातात झेलायची. माणसं बघायला लागली तशी लाजली.

मी म्हणलं, "हे देवीला चालतं का गं?"

"हातानंच टाकणार हाय की राशीवर," ती म्हणाली. "पायानं नुसतं आणायचं काम."

गर्दी लई होती म्हणून मग मी तिच्या मागून चालत राहिलो. पाऊल ऐकत होतो. डावं पाऊल ठाम. उजवं आधी टेकायचं अन् मग वजन घ्यायचं. तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगत होतो. पण माझ्या धंद्यातलं ऐका. बेअरिंग खडखड करायला लागलं की गिऱ्हाईक घाबरून येतं, मोटर मेली म्हणतं. मी सांगतो, खडखडतंय तोवर जिवंत आहे. जे गप होतं तेच जाम होतं. तिचं पाऊल खडखडतंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती सरावाच्या शिबिराला परत चाललीय.

आता तुमचं. यंत्र का घालत नाही ते मी ओळखलंय. म्हातारा दिसाल म्हणून. उभ्या जन्मात तुम्ही शर्टाची घडी मोडू दिली नाही, आता कानामागं प्लास्टिकचा तुकडा लोकांना दिसंल, याची लाज. आमच्या गल्लीतल्या दगडाबाई ऐंशीच्या आहेत, त्या यंत्र घालून सुनांच्या चुगल्या पकडतात. त्यांना लाज नाही, तुम्हाला कशाची?

बलभीम

*

तुळजापूर
२८ एप्रिल २०२५

प्रिय बलभीम,

होय. तसंच समज.

वरद येऊन गेला. या वेळी रागावला नाही, त्यामुळे जास्त कठीण गेलं. घरातली भांडी कुठली न्यायची, कुठली वाटून टाकायची, याची यादी करत स्वयंपाकघरात उभा होता. मी दारातून पाहत होतो. त्यानं एकेक डबा उघडून आत पाहिलं आणि झाकण तसंच बसवलं. जाताना एका कागदावर लिहून गेला, "बाबा, मला भीती वाटते." त्याचं अक्षर आईवर गेलं आहे.

मला पुण्याला जायचं नाही. हे तुझ्याखेरीज कुणाला लिहिलेलं नाही.

सोनालीबद्दल एक सांगू का? तिनं परत यावं असं मलाही वाटतं, पण कुणासाठी? हॉटेलातल्या दोन तटांसाठी? माझ्या-तुझ्या पैजेसाठी? एखादी जागा आपली होती आणि आता नाही, हे जाऊन पाहण्यापेक्षा तिकडे न जाणं बरं असतं. तोवर ती जागा आपलीच राहते. तिला कुणीतरी हे सांगावं.

खड्यांबद्दल आभार. दोन्ही कानांचा उल्लेख वेगवेगळा केलास, हे कायद्याला धरून झालं.

मार्तंड

*

लोहारा
२ जून २०२५

मार्तंडराव,

तुम्ही हरलात.

पेढे धुळाप्पाकडून घेतलेत, पत्राबरोबर पाठवता येत नाहीत म्हणून मीच खाल्ले. सगळं सविस्तर लिहितो.

शुक्रवारी दुपारी जेवळीच्या एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटर भरत होतो. असल्या कामात खाचेत तारेचे किती फेरे झाले ते डोळ्यांनी मोजावं लागतं, मान वळवली की चुकलंच. दिग्विजय आला अन् म्हणाला, "काका, शिबिरातल्या सरावाच्या सामन्याचा व्हिडिओ आलाय, लावू का?" म्हणलं लाव अन् ठेव टेबलावर.

पहिली दोन मिनिटं नुसती चेंडूची टक-टक अन् शिट्ट्या. मग पेनल्टी कॉर्नर. अन् गोलातून आवाज आला, "डावीकडं, डावीकडं, पुढं ये. सोडू नगं. सोडू नगं गं." मार्तंडराव, माझ्या हातातनं तार निसटली. सत्तेचाळीस फेरे झालेले, सगळे उकलून परत घालावे लागले, पण वाईट वाटलं नाही. त्या शिबिरात हरियाणाच्या पोरी आहेत, मणिपूरच्या आहेत, झारखंडच्या आहेत. "सोडू नगं गं" म्हणणारी सगळ्या देशाच्या संघात एकच आहे. घाबरली की ती हिंदी विसरते, लहानपणापासनं.

लगेच पॅडवर धप् असा आवाज अन् टाळ्या. अडवला तिनं.

सामना चालू होता, गोल होता, पॅड होते. अटी तुमच्याच हस्ताक्षरात माझ्याकडं आहेत. दिग्विजयनं व्हिडिओ वरदला पाठवलाय, तो तुमच्या मोबाईलवर टाकतो म्हणाला. डबा उघडा आता.

बलभीम

*

तुळजापूर
७ जून २०२५

बलभीम,

व्हिडिओ आला. अकरा वेळा पाहिला.

गोलमध्ये उभी आहे ती मुलगी सोनाली नाही. उंची चार बोटं जास्त आहे. हेल्मेटखालून लांब वेणी बाहेर आली आहे. सोनालीचे केस आखूड आहेत, हे तुला डोळे वापरायची सवय असती तर माहीत असतं. पाठीवरचा आकडाही निराळा आहे. पेनल्टी कॉर्नर तिनं अडवला, सोनालीनं नव्हे.

तू माझ्या भल्यासाठी बोललास हे मी समजू शकतो. वरद आणि तू मिळून हे ठरवलं असेल. पण पंचेचाळीस वर्षांत तू मला सामन्याबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतंस. रेडिओ बिघडला की "काय झालं ते कळलं नाही" असं सरळ सांगायचास. सगळ्या गोष्टी संपत आल्या असताना ही एक शिल्लक होती.

मार्तंड

*

लोहारा
११ जून २०२५

मार्तंडराव,

तुमचं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं.

धंद्यात मी थोडंफार खोटं बोलतो. उद्या देतो म्हणून परवा देतो. घाई करणाऱ्याला वार्निश वाळलं नाही म्हणून सांगतो. पण आवाजाबद्दल मी आजवर कुणाशी खोटं बोललेलो नाही. बापानं जमीन ठेवली नाही, शाळा सातवीला सुटली. जे काही उभं केलं ते या दोन कानांवर. ते खोटं सांगायला लागले तर माझ्याजवळ काही उरत नाही.

तुम्ही जे पाहिलं ते तुम्ही पाहिलं. मी काल मान वळवून पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला. तुमची वेणी मलाही दिसली. तरी आवाज सोनालीचा आहे. हे दोन्ही एका वेळी खरं कसं, ते मला कळत नाही.

यंत्र घाला असं म्हणत नाही. पैज मोडली समजा. फक्त एकदा ऐका, अन् मग मला खोटा म्हणा.

बलभीम

*

तुळजापूर
२० जून २०२५

प्रिय बलभीम,

यंत्र घातलं. तुला खोटा ठरवण्यासाठी घातलं, हे आधी लिहून ठेवतो.

दुपारी तीनचा सुमार होता. डबा उघडला. दोऱ्याच्या रिळांमध्ये यंत्र होतं, त्याला हिरवा दोरा गुंडाळला गेला होता, तो सोडवला. नात श्रियानं बसवायचं कसं ते कागदावर चित्र काढून ठेवलं होतं. दुसऱ्या प्रयत्नात बसलं. आधी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज, मग माझाच श्वास. व्हिडिओ लावला.

"सोडू नगं गं."

तिचाच आहे, बलभीम. वाद नाही.

मग मी तो बाराव्या वेळी नीट पाहिला. अकरा वेळा मी गोलच्या आत पाहत होतो. या वेळी आवाज जिकडून आला तिकडे पाहिलं. जाळीच्या मागे, चित्राच्या अगदी कडेला, लाल टोपी घातलेली एक बाई उभी आहे. आखूड केस. दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवलेली. आतली मुलगी जिकडे सरकते तिकडे ही बाहेरून सरकते, पाऊल टाकते, आणि उजव्या पायावर वजन द्यायची वेळ आली की जाळी घट्ट धरते. ओरडते ती. अडवते दुसरी.

तू ऐकलंस ते खरं. मी पाहिलं तेही खरं. तुला खोटा म्हणालो, ते शब्द परत घेतो. ते पत्र फाडून टाक.

आता दुसरं लिहितो. हे वरदला सांगू नकोस, मी सांगेन तेव्हा सांगेन.

यंत्र न घालण्याचं कारण तू लिहिलंस ते नव्हतं. मी "तसंच समज" म्हणालो, कारण खरं कारण लिहायला शब्द सापडेनात. वनमाला होती तेव्हाच माझे कान जात चालले होते. ती स्वयंपाकघरातून काही बोलायची, मला कळायचं नाही, मी नुसता "हो" म्हणायचो. ती गेल्यावरही घर माझ्यासाठी तसंच राहिलं. मी बाहेरच्या खोलीत बसतो, आत काही ऐकू येत नाही. पूर्वीही येत नव्हतं. मग आत ती नाही, असं कशावरून? यंत्र घातलं की शांतता ऐकू येणार, आणि मग शंकेला जागा राहणार नाही. म्हणून डब्यात ठेवलं होतं. तिच्याच डब्यात.

व्हिडिओ संपला आणि यंत्र काढायचं राहून गेलं.

आधी पंखा ऐकू आला. रस्त्यावर कुणीतरी बांगड्या विकत होतं. मग आतून, स्वयंपाकघरातून, आवाज आला. टप्. मी उठलो नाही. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

नळ गळत होता. खाली स्टीलचं पातेलं होतं, त्यात थेंब पडत होता.

बलभीम, तिनं शेवटची कितीतरी वर्षं मला सांगितलं, "अहो, तो नळ गळतोय. डोक्यात घण घातल्यासारखं होतं. कुणाला तरी बोलवा." मी म्हणायचो, बंद तर आहे. ती म्हणायची, ऐका तरी. मला ऐकू यायचं नाही, आणि उठून पाहायला जायचो नाही, कारण सामना चालू असायचा. शेवटी तिनं खाली पातेलं ठेवलं आणि बोलायचं सोडलं. मी रोज ते पातेलं भरलं की ओततो आणि परत तिथंच ठेवतो. का ठेवतो ते मला माहीत नव्हतं. तिनं ठेवलेलं आहे म्हणून ठेवत होतो.

आत जाऊन ओट्याशी उभा राहिलो. ती जिथं उभी राहायची तिथं. तिचा आवाज नाहीच आला, तो यायचा नव्हता. पण ती जे ऐकत होती ते मला ऐकू आलं. चहा ठेवला होता तो आटून गेला.

यंत्र अजून कानात आहे.

पैजेचा निकाल मात्र लागलेला नाही. ती जाळीच्या बाहेर होती.

मार्तंड

*

लोहारा
३ जुलै २०२५

मार्तंडराव,

तुमचं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो अन् उठायचो. नळाबद्दल मला काही लिहिता येत नाही, म्हणून सोनालीचं लिहितो.

काल ती दुकानात आली. वडलांची मोटर जळालेली, ती टेम्पोत घालून स्वतः घेऊन आली. मी मोटर खोलून बघत होतो, ती बाकड्यावर बसली, पाय लांब करून.

मी विचारलं, "जाळीमागं काय करत होतीस गं?"

तिला आधी कळलं नाही. मग हसली. "तुम्ही बघितलं?"

"मी ऐकलं. बघणारा तुळजापुरात असतो."

तिनं लांब केलेला पाय हातानं जवळ ओढला. "काका, पहिल्या दिवशी नुसत्या सरावाला, सामना नव्हता तेव्हा, आतच उभी राहिले होते. बॉल आला. पाय जायच्या आधी मन गुडघ्याकडं गेलं. तेवढ्यात बॉल आत. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्या हरियाणाच्या पोरीला उभं केलं अन् मी मागं गेले. म्हणलं बघून तर येऊ, मागनं कसं दिसतं."

"कसं दिसतं?"

"सगळं दिसतं. आतनं कधी एवढं दिसलं नव्हतं." मग म्हणाली, "पण हात जाळीतनं निघंना. त्या पोरीनं शेवटी विचारलं, दीदी, ये 'नगं' क्या होता है."

आम्ही दोघं लई हसलो. हसणं संपलं तसं तिनं सांगितलं, "चाचणीतनं नाव काढलंय काका. कालच मेल केला. अजून घरी सांगितलं न्हाय."

मी खडखडणाऱ्या बेअरिंगचं बोलणार होतो, पण हातातला पाना खाली ठेवला. तिचं ऐकायचं होतं, आपलं सांगायचं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "ती ट्यूबची पॅड हायेत का अजून?" खुंटीला आहेत, वीस वर्षं तिथंच आहेत. काढून दिली. तिनं नाकाला लावली. "अजून रबराचा वास येतोय," म्हणाली. अन् तशीच धरून बसली. मी मोटरीत डोकं घातलं, कारण अशा वेळी माणसाकडं बघू नये. श्वासावरून कळत होतं. मग ती उठली, पॅड परत खुंटीला लावली अन् म्हणाली, "इथंच राहू द्या. न्यायला येईन कधीतरी. सास्तूरच्या पोरी अजून नडगीवरच घेत्यात."

तर मी हरलो. तुम्ही फेब्रुवारीत सांगितलं होतं, ती येणार नाही. एवढं मात्र बघा, तिकडं जाऊच नये असं जे तुम्ही एप्रिलात लिहिलंत, तसं काही तिनं केलं नाही. गेली, उभी राहिली, जागा आपली नाही ते बघितलं, अन् मगच बाहेर आली. अन् बाहेर आल्यावर गेली कुठं? दोन पावलं मागं.

सोमवारपासून चार दिवस शटर बंद. पाटी दिग्विजयनं रंगवली, "मालक पैज हरल्यामुळे दुकान बंद." पुसून टाक म्हणलं तर ऐकत नाही. धुळाप्पा म्हणतो, अडतीस वर्षांत पहिल्यांदा खरी पाटी लागली.

वनमाला वहिनी गेल्या तेव्हा मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो, ते कामासाठी नव्हतं. तुमच्या घरात त्या दिवशी काहीच आवाज नव्हता. मला तसलं ऐकवत नाही. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

नळ अर्ध्या इंची आहे का पाऊण, तेवढं कळवा. वायसर अन् पाना पिशवीत टाकतो. घरात पाऊल टाकलं की पाच मिनिटांत बंद करून देतो.

बलभीम

*

तुळजापूर
५ जुलै २०२५

प्रिय बलभीम,

पोस्टात पडायला उशीर होईल म्हणून हे कार्ड तुमच्या बाजूला निघालेल्या काळीपिवळीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो धुळाप्पाकडे चहाला थांबतो म्हणाला.

वरदला सगळं सांगितलं. फोनवर सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, आणि तो बोलत नाही हे मला ऐकू आलं. पुण्याचं आता दिवाळीनंतर बघू म्हणतो, म्हणजे बहुधा नाहीच.

सोमवारी मी स्टँडवर असेन. हाक मारताना ओरडू नकोस.

नळ अर्धा इंच. वायसर आण, पाना आण. पण आल्याआल्या हात लावू नकोस. चौथ्या दिवशी, निघताना बसव. तोवर दोघं मिळून ऐकू.

मार्तंड